सासष्टींतील धर्मशिक्षण आणि ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ

फादर टॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें कीं मराठी वाचकास त्यांतील मराठी भाषेच्या गौरवाच्या चार ओव्या आठवतात, आणि बहुधा तेथेंच तो थांबतो. पाठ्यपुस्तकांत त्याच ओव्या, सभासंमेलनांत त्याच ओव्या. सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. त्यांतल्या चार-पांच मुखोद्गत असाव्या आणि बाकीच्या अपरिचित राहाव्या, हें त्या ग्रंथाचें भाग्य म्हणावें कीं दुर्भाग्य, हा प्रश्नच आहे. प्रस्तुत लेखांत त्या गौरवाच्या ओव्यांकडे आम्ही मुद्दाम पाठ फिरविणार आहों. हा ग्रंथ कोणत्या कामासाठीं रचला, कोणासमोर वाचला जावा म्हणून रचला, आणि त्या कामीं तो कितपत उतरला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. काम समजलें म्हणजे ग्रंथाच्या पाठाविषयीं जो वाद संशोधकांत शंभर वर्षें चालू आहे, त्यावरही कांहीं प्रकाश पडेल असें आम्हांस वाटतें.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मला. १५७५ सालीं रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचला, आणि १६१९ सालीं सासष्टींतच वारला. म्हणजे आयुष्याचीं शेवटचीं चाळीस वर्षें त्यानें एका परगण्यांत, बहुतांशीं एकाच लोकांत, काढलीं. तो आला त्यापूर्वीं बारा वर्षें, १५६७ मध्यें, सासष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं, आणि त्याच वर्षीं भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें हिंदु उपदेशकांवर व ग्रंथांवर बंदी घातली होती. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. त्यानंतर गांवच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलणें करण्याच्या निमित्तानें बोलावून ठार करण्यांत आलें. ही भूमिका विसरून ख्रिस्तपुराणाचें केवळ भाषिक कौतुक करणें हा इतिहास नव्हे. आणि ती भूमिका सांगून ग्रंथच बाजूस सारणें ही टीकाही नव्हे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय या ग्रंथाचें वजन करतां येत नाहीं.

आतां काम कोणतें, तें पाहूं. ट्रेंट येथील धर्मपरिषद १५४५ ते १५६३ पर्यंत चालली. तिच्या अखेरच्या वर्षीं असा नियम झाला कीं प्रत्येक चर्चच्या हद्दींतील मुलांस निदान रविवारीं व सणांच्या दिवशीं श्रद्धेचीं मूलतत्त्वें शिकविलीं जावींत, आणि तीं शिकविलीं जातात कीं नाहीं हें बिशपांनीं पाहावें. गोव्यांत ही वहिवाट त्याच्याही आधींची होती. १५४२ सालीं फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरे आणि मुलांस व गुलामांस गोळा करून प्रार्थना पाठ करवी, हें प्रसिद्धच आहे. १५५६ मध्यें गोव्यास छापखाना आला व पुढच्याच वर्षीं झेवियरची दोत्रिना त्यावर छापली गेली. दोत्रिना म्हणजे प्रश्नोत्तरांनीं किंवा पाठांतरानें शिकवावयाचा धर्माचा पहिला पाठ. परंतु हा पाठ पोर्तुगीज भाषेंतला. सासष्टींतल्या मुलानें तो पोपटासारखा म्हटला तरी त्याच्या पोटांत कांहीं उतरत नसे. आणि मूल म्हणे तें घरीं आईबापांस कळत नसे, ही त्याहून मोठी अडचण होती.

या अडचणीवर स्टीफन्सनें तीन पुस्तकांनीं उपाय केला असें आम्ही समजतों. तीन पुस्तकें वेगवेगळीं वाचण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कोंकणीचा अभ्यासक दोत्रिना वाचतो, मराठीचा अभ्यासक पुराण वाचतो, व्याकरणाचा इतिहासकार तिसऱ्याकडे वळतो. वस्तुतः तीं एकाच इमारतीचे तीन मजले आहेत.

पहिलें पुस्तक मुलांचें. स्टीफन्सची कोंकणी दोत्रिना त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राशोल येथील कॉलेजांत छापली गेली. तिच्या मुखपृष्ठावरच ती मुलांस शिकविण्यासाठीं संवादरूपानें रचली असल्याचें म्हटलें आहे. तिचा आराखडा मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या दोत्रिनेचा आहे. मारियानो साल्दान्य यांनीं १९४५ सालीं लिस्बनहून तिची हुबेहूब छायाप्रत प्रसिद्ध केली, त्यामुळें आतां ती संशोधकांस सुलभ झाली आहे. हें पुस्तक लहान, वाक्यें आंखूड, प्रश्न ठराविक. त्याचें काम स्मृतींत सांगाडा उभा करण्याचें आहे, आणि तें काम तें चोख करतें. त्याहून अधिक तें करीत नाहीं.

दुसरें पुस्तक तरुणांचें व प्रौढांचें; तेंच ख्रिस्तपुराण. तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हा निघालें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत ३६ अवस्वरू असून जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वींची कथा आहे. दुसऱ्यांत ५९ अवस्वरू असून ख्रिस्ताचें चरित्र आहे. ग्रंथाचा उपक्रम ज्या प्रसंगानें केला आहे तो लक्षांत घेण्याजोगा आहे. चर्चमध्यें दोत्रिनेचा पाठ संपला आहे आणि नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? पुढील सर्व ग्रंथ या प्रश्नाचें उत्तर आहे. म्हणजे मुलाचा पाठ जेथें संपतो तेथें प्रौढाचा प्रश्न सुरू होतो, हें ग्रंथकारानें स्वतःच दाखवून ठेवलें आहे. पाठांतर संपल्यावर मनांत जी पोकळी राहते ती कथेनें भरावयाची आहे. आणि ती पोकळी कोणीं निर्माण केली, हेंही त्या ब्राह्मणाच्या तोंडून वदविण्यास ग्रंथकार कचरला नाहीं. १६१६ सालच्या गोव्यांत, इन्क्विझिशनच्या छायेंत, हें वाक्य छापून निघालें ही सामान्य गोष्ट नव्हे.

ओवी ही कांहीं स्टीफन्सची युक्ति नव्हे. सासष्टींतल्या प्रौढ माणसास पुराण ऐकण्याची संवय होती. पुराणिकानें सांगावें, श्रोत्यानें शंका काढावी, कथा पुढें चालावी, ही रीत त्याच्या अंगवळणीं पडलेली. केळशीच्या कृष्णदास शामानें शके १४४८ मध्यें, म्हणजे १५२६ सालीं, याच सासष्टींत कृष्णचरित्र ओव्यांत रचलें होतें. इकडे पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां स्टीफन्सला सासष्टींत येऊन पांच वर्षें झालीं होतीं. ओवीचा हा भर काल होय. स्टीफन्सनें जें केलें तें एवढेंच कीं शिकविण्याची पद्धत बाहेरून न आणतां शिकणाराच्या कानास जी ठाऊक होती ती घेतली. प्रस्तावनेंत तो सांगतो कीं परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करण्यास या देशांतील भाषांत मराठी योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं म्हणून मागील कवीश्वरांचीं अवघड उतारें सोडून ठिकठिकाणीं ब्राह्मणांच्या बोलींतलीं, म्हणजे कोंकणींतलीं, सोपीं उतारें मिसळलीं आहेत. हा कवीचा निवाडा नव्हे, शिक्षकाचा आहे. मराठीची कीर्ति गाणारे बहुतेक लेखक हें दुसरें वाक्य गाळून पहिलें तेवढें देतात, हें येथें नमूद केलें पाहिजे.

तिसरें पुस्तक पाद्रींचें. स्टीफन्सचें कोंकणी व्याकरण दियोगु रिबैरु यानें वाढविल्यावर १६४० सालीं राशोल येथें छापलें गेलें. मुलास पाठ देणारा आणि प्रौढास पुराण सांगणारा पाद्री बाहेरून आलेला. त्यास भाषा आली नाहीं तर पहिलीं दोन्ही पुस्तकें व्यर्थ. म्हणून हा पाया. इमारतीचा पाया सर्वांत शेवटीं छापला गेला हा छापखान्याचा योग. लिहिणाराच्या मनांत तो आधीं असलाच पाहिजे.

या योजनेचे गुण सांगितले; आतां दोष सांगणें प्राप्त आहे. पहिला दोष असा कीं ख्रिस्तपुराणांतला शंका काढणारा श्रोता फार लौकर समाधान पावतो. प्रश्न चांगले आहेत, कांहीं तर नेमके मर्मावर आहेत. पण उत्तर मिळालें कीं श्रोता गप्प होतो, उत्तरावर पुन्हा प्रश्न करीत नाहीं. ज्ञानेश्वरींतला अर्जुन याहून हट्टी आहे. कुंकळ्ळीची आठवण ताजी असलेल्या परगण्यांत खऱ्या श्रोत्यांच्या मनांत दुसरे व तिसरे प्रश्न नव्हते असें कोण म्हणेल? ते प्रश्न ग्रंथांत येऊं शकले नाहींत, कारण ज्या सत्तेनें जुनीं पुराणें बंद केलीं तिच्याच परवान्यानें हें नवें पुराण छापलें जात होतें. प्रौढांच्या शिक्षणांत शंकेस मोकळीक नसेल तर तें शिक्षण मुलांच्या पाठांतराहून फार वेगळें राहत नाहीं. ख्रिस्तपुराणानें शंकेस दार उघडलें, पण उंबरठ्याच्या आंत एकच पाऊल घेऊं दिलें.

दुसरा दोष ग्रंथाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. सर्व भार पाद्रीच्या भाषाज्ञानावर होता. पहिल्या दोन पिढ्यांत तो पेलला गेला. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें सेंट पीटरवर मराठी पुराण रचलें. आंतोनियु द साल्दान्य यानें पादुआच्या सेंट अँथनीची जीवितकथा लिहिली व ती १६५५ सालीं छापली गेली. परंतु पुढें ही ओढ ओसरली, आणि २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं रयतेनें तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. जी भाषा पाद्रीनें शिकावयाची ती रयतेनेंच विसरावी, असा हा उलटा न्याय. १८५८ सालीं कुन्य रिव्हारा यानें आपल्या कोंकणीविषयक निबंधांत या धोरणाची कडक झडती घेतली, ती वाचण्यासारखी आहे. १६५४ नंतर ख्रिस्तपुराणाचें पुढील मुद्रण झालें तें १९०७ सालीं, आणि तेंही गोव्यांत नव्हे, मंगळूर येथें. मध्यंतरींच्या २५३ वर्षांत हा ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत. आणि हस्तलिखितें जगलीं तीं बहुतांशीं चर्चच्या कपाटांत नव्हे तर कुटुंबांत, विशेषतः गोवा सोडून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या लोकांच्या कुटुंबांत. टिपूच्या काळीं श्रीरंगपट्टणास बंदींत पडलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस याच पुराणाचा आधार वाटे अशी परंपरा सांगतात. ज्या ग्रंथास राजाश्रय होता तो राजाश्रयानें टिकला नाहीं. ज्यांच्यासाठीं रचला त्यांनीं तो टिकविला. ग्रंथ आपल्या कामीं उतरला कीं नाहीं, या प्रश्नाचें आमच्या मतें हेंच सर्वांत सबळ उत्तर आहे.

आतां पाठाचा वाद. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत संशोधकांच्या हातीं लागलेली नाहीं. १९०७ मध्यें जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळुरास रोमन लिपींतील हस्तलिखितें ताडून ग्रंथ छापला. १९२३ सालीं जस्टिन अॅबट यांनीं लंडन येथील प्राच्य विद्यालयांतील मार्सडेन संग्रहांत देवनागरी प्रत असल्याचें जाहीर केलें आणि तीच मूळ संहिता होय असें प्रतिपादिलें. हा संग्रह विल्यम मार्सडेन यानें १८३५ सालीं किंग्ज कॉलेजास दिला होता व पुढें तो या विद्यालयाकडे आला. रोमन प्रतींत बाप्तिस्मा, चर्च, क्रूस अशा अर्थांचे शब्द पोर्तुगीज आहेत. मार्सडेन प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत-मराठी शब्द आढळतात. यावरून स्टीफन्सनें मूळ शुद्ध देशी शब्दांत व नागरींत लिहिलें, आणि छापतांना परीक्षकांसाठीं पोर्तुगीज शब्द घातले, असें अनुमान निघतें. मराठी मनास हें अनुमान गोड लागतें, आणि आम्हीही तें बराच काळ खरें धरून चाललों होतों.

त्यास एक पुरावा अनुकूल आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजीं स्टीफन्सनें संघाच्या मुख्याधिकाऱ्यास पत्र लिहिलें. मलबारांत झालीं तशीं या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापलीं जावींत ही आपली फार वर्षांची इच्छा असून, अक्षरांचे सुमारें सहाशें सांचे पाडणें ही मोठी अडचण आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे रोमन लिपी ही त्याची निवड नव्हती, खिळ्यांच्या अभावीं पत्करलेली सोय होती. इतकें निःसंशय. परंतु लिपी एक आणि शब्द दुसरे. नागरी लिपी हवी होती म्हणून पोर्तुगीज शब्द नको होते असें ठरत नाहीं.

येथें धर्मशिक्षणाचा विचार उपयोगी पडतो. स्टीफन्सच्या दोत्रिनेंत संस्कारांचीं व चर्चचीं नांवें पोर्तुगीजच ठेवलीं आहेत. जें मूल तीं नांवें घोकून मोठें झालें तेंच पुढें रविवारीं पुराण ऐकावयास बसणार. त्यास पाठांत एक शब्द आणि पुराणांत दुसरा शब्द ऐकविणें हें कोणता शिक्षक करील? शिवाय परक्या देवाचें नांव घेतल्यानें होणारा घोटाळा जेझुइटांनीं नुकताच अनुभवला होता. जपानांत झेवियरनें प्रथम देवासाठीं ‘दाइनिचि’ हा शब्द वापरला, तो बौद्धांच्या एका बुद्धाचा निघाला, आणि मग त्यास लॅटिन शब्दाकडे परतावें लागलें. स्टीफन्सनें या बाबतींत मधला मार्ग काढलेला दिसतो. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ति हे शब्द तो निःशंक वापरतो, कारण त्यांचा अर्थ कथेनें वळवितां येतो. चर्चमध्यें प्रत्यक्ष घडणाऱ्या विधींचीं नांवें मात्र तो बदलीत नाहीं, कारण तीं श्रोत्यास डोळ्यांनीं दिसणाऱ्या गोष्टींचीं नांवें आहेत. हा भेद यादृच्छिक नाहीं. तो शिक्षकाचा भेद आहे, आणि रोमन पाठांत तो सुसंगत आहे.

यावर आक्षेप येईल कीं दोत्रिना ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर छापली गेली, तींतही परीक्षकांचा हात असेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून आम्ही आपलें मत निर्णय म्हणून नव्हे, अधिक संभाव्य पक्ष म्हणून मांडतों. आमच्या मतें रोमन पाठ हा चर्चमध्यें ऐकणारांचा पाठ असून मार्सडेन पाठ हा नागरी वाचणाऱ्या, संस्कृत शब्दांस सरावलेल्या वाचकांसाठीं तयार झालेला पाठ आहे, मग तो खुद्द स्टीफन्सच्या देखरेखीखालीं झाला असो वा मागाहून दुसऱ्या कोणीं केला असो. एक मूळ आणि दुसरा भ्रष्ट, असा हा संबंध नाहीं. दोन श्रोतृवर्ग आहेत आणि त्यांचे दोन पाठ आहेत. तेव्हां संपादकानें दोहोंची सरमिसळ करून तिसराच पाठ तयार करूं नये. दोन्ही समोरासमोर छापावे.

हें आजवर झालेलें नाहीं. १९५६ सालीं पुण्याहून शांताराम बंडेलू यांनीं, १९९६ सालीं मुंबईहून कारिदाद द्राग यांनीं, आणि २००९ सालीं बंगळुराहून नेल्सन फलकाव यांनीं नागरी आवृत्त्या काढल्या. या तिघांच्या श्रमांमुळेंच आज सामान्य वाचकास ग्रंथ हातीं धरतां येतो, आणि त्यांचे उपकार मान्य करूनच पुढील गोष्ट म्हणावयाची आहे. रोमन पाठ नागरींत आणतांना संपादक कळत नकळत तो संस्कृताच्या बाजूस सरळ करतो. जुन्या रोमन लेखनांत ट, ड, ण, ळ हे वर्ण अक्षर दुप्पट करून दाखविलेले असतात, ‘श’ बद्दल ‘एक्स’ येतो, ‘ख’ बद्दल ‘क्यू’पुढें ‘एच’ येतो. आणि मिश्रित, योग्य यांसारखे शब्द जसे उच्चारले जात तसेच लिहिलेले आढळतात. म्हणजे सतराव्या शतकांतील सासष्टीचा उच्चार तेथें जवळजवळ जसाच्या तसा नोंदला गेला आहे. नागरी लेखकाच्या हातीं असा शब्द आला कीं त्याचें पुस्तकी रूप होतें आणि तो उच्चार कायमचा जातो. म्हणून नागरीकरणाबरोबर मूळ रोमन ओळही छापणें अवश्य आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. गोवा, कोंकण व कानडा येथील जुन्या घरांत रोमन अक्षरांतल्या वह्या निघतात. पाद्रीस त्या लॅटिन किंवा पोर्तुगीज नाहींत म्हणून निरुपयोगी वाटतात. शास्त्र्यास त्या नागरी नाहींत म्हणून परक्या वाटतात. आणि रद्दींत जातात. अशी वही हातीं आली तर वर सांगितलेलीं दुप्पट अक्षरें व ‘एक्स’ पाहावे, आणि चार ओळी मोठ्यानें वाचाव्या. ओवीचें वळण कानास लगेच ओळखू येईल. मग चर्च, बाप्तिस्मा व क्रूस या तीन शब्दांच्या जागीं वहींत काय आहे तें टिपावें. नकलेचा सन, नकलकाराचें नांव व वही कोणत्या घरांतून आली हें लिहून ठेवावें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे वहीचीं कोणतीं पानें मळलीं आहेत, कोठें मेणाचे थेंब पडले आहेत, कोणत्या अवस्वरूच्या कडा झिजल्या आहेत, तें पाहावें. छापील आवृत्तींत सर्व पानें सारखीं स्वच्छ असतात. या वह्यांत मात्र कोणती कथा पुन्हा पुन्हा वाचली गेली आणि कोणती वगळली गेली, याची साक्ष आहे. परवाना देणाऱ्यानें काय शिकवावयाचें ठरविलें हें दप्तरांत सांपडतें. ऐकणाऱ्यांनीं त्यांतलें काय घेतलें, तें या मळक्या पानांवरच सांपडेल.